केदारींच्या कोंबड्या आणि वास तपासणी समिती

राजेंद्र केदारींच्या परसात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा होता आणि त्यांचा वास येत होता, ही गोष्ट कामशेतच्या त्या रो-हाउस सोसायटीत केदारी सोडून सगळ्यांना मान्य होती. केदारींचं म्हणणं असं, की हा वास पावसाचा आहे. आषाढात मावळात कशाला वास येत नाही? कपाटातल्या सफारीला येतो, उशीला येतो, देवघरातल्या वस्त्राला येतो. मग कोंबड्यांनीच काय घोडं मारलंय?

हा युक्तिवाद त्यांनी शेजारच्या ओंकारला ऐकवला. ओंकार पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरी बसून करायचा आणि वरचा मजला शनिवार-रविवार मुंबईच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायचा. धबधब्याखाली भिजून, लोणावळ्याची चिक्की घेऊन आलेले पाहुणे त्याच्याकडे मुक्कामाला असत. त्याने मोबाइल पुढे केला. एका पाहुण्याने अभिप्राय लिहिला होता, 'डोंगर छान. धुकं छान. नाश्ता ठीक. खिडकी उघडू नये.'

"काका, खिडकी उघडू नये म्हणजे काय? मी फोटोत फक्त खिडकीच टाकलीये," ओंकार रडवेला होऊन म्हणाला.

"त्यांना सर्दी होईल म्हणून लिहिलं असेल," केदारी म्हणाले.

पण ओंकार गेल्यावर ते परसात गेले, खुराड्याचं दार उघडलं आणि डोकं आत घालून एक खोल श्वास घेतला. डोळ्यांना धार लागली. अमोनिया! आंबीच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये सारी हयात काढलेल्या माणसाला ते सांगायला दुसरं कुणी लागत नव्हतं. अर्थात हा शोध त्यांनी स्वतःपाशीच ठेवला.

आता एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणारा म्हणेल, की एवढा त्रास होता तर विकून टाकायच्या कोंबड्या. कारखान्यात असताना केदारी कुठल्याही खात्यात शिरले, की माणसं धावत यायची. "केदारीसाहेब, बेल्ट तुटला! केदारीसाहेब, मोटार जळाली!" स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर हे सगळं एका दिवसात थांबलं. मुलगा पुण्यात. बायको अनिताबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्या सकाळी डबा घेऊन जायच्या. घरात एकही मोटार जळेना. फक्त कोंबड्या तेवढ्या यांच्या चपलेचा आवाज आला, की पंख पसरून, एकमेकींना तुडवत धावत यायच्या. केदारींना ते फार आवडायचं. इतकं, की कधीकधी काही काम नसतानाही ते चप्पल वाजवत परसात एक चक्कर टाकून येत.

नावंही त्यांनी कारखान्यातलीच दिली होती. सारखी खाणारी ती कॅन्टीन. अंडं घालून ते कुठे ठेवलंय हे कुणाला न सांगणारी ती स्टोअर. प्रत्येक दाणा चोचीने उलटापालटा करून अर्धे नापास करणारी क्वालिटी. उठसूट कुंपणावरून पलीकडे जाणारी डिस्पॅच. शिवाय अकाउंट आणि पर्सोनेल, ज्या काही काम करताना अजून कुणाला दिसल्या नव्हत्या. आणि कोंबड्याचं नाव भोंगा.

तर ओंकारने तक्रार केली आणि सोसायटीची सभा बसली. चेअरमन होते रखमाजी आबा. सोसायटी उभी होती ती जमीन मुळात त्यांची. त्यामुळे घरं विकली गेली, तरी सगळं अजून आपल्याच शेतात चाललंय अशा नजरेने ते सभासदांकडे बघत.

"वास हाये का न्हाई, हे असं तोंडानं ठरायचं न्हाई," आबा म्हणाले. "नाकानं ठरवाया पायजेल. कमिटी नेमा."

अशा रीतीने वास तपासणी समिती जन्माला आली. अध्यक्ष स्वतः आबा. तक्रारदार म्हणून ओंकार. आणि तज्ज्ञ म्हणून समोरच्या घरातल्या येसूबाई. येसूबाईंचं नाक ही सोसायटीतली सगळ्यांत धास्तीची वस्तू होती. कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाचं दूध उतू गेलं, कुणाचा जावई बाहेरून काय पिऊन आला, हे त्या आपल्या ओट्यावर बसून सांगत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी समितीने येऊन वास घ्यायचा आणि वास आला तर कोंबड्या सोसायटीबाहेर, असा ठराव झाला.

"मान्य!" केदारी गरजले. "आणि नाही आला तर?"

"तर ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले.

केदारी घरी आले ते मोहिमेवर निघाल्यासारखे. अनिताबाई वह्या तपासत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "अहो, शेण झाडावं तसं रोज झाडलंत तरी पुरे आहे."

"अगं, हा झाडण्याचा प्रश्न नाही. हा प्रोसेसचा प्रश्न आहे," केदारी म्हणाले. पुरुषमाणूस एकदा प्रोसेस म्हणाला, की केरसुणी बायकोच्या हातात राहते, हा अनुभव असल्यामुळे अनिताबाई पुढे बोलल्या नाहीत.

पहिला दिवस फिनेलचा. केदारींनी खुराडं फिनेलने धुतलं आणि वर चार कोपऱ्यांत मोगऱ्याच्या उदबत्त्या लावल्या. संध्याकाळी कोंबडीची घाण, फिनेल आणि मोगरा हे तिघे हातात हात घालून ओंकारच्या खिडकीतून आत गेले. ओंकारचे पाहुणे बाहेर येऊन विचारू लागले, की जवळपास कुणी वारलंय का. कोंबड्या धुराने शिंकत होत्या. कोंबडी शिंकते हे केदारींना त्या दिवशी प्रथम कळलं आणि त्यांना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी भोंग्याची हात जोडून माफी मागितली.

मग सल्ले सुरू झाले. मराठी माणूस उसनी साखर देताना एकदा विचार करील, सल्ला देताना करत नाही. येसूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "गोमूत्र शिपडा, राजेंदर." केदारींनी शिंपडलं. आता दोन जनावरांचा वास येऊ लागला. ओंकारने कुठल्याशा परदेशी माणसाचे व्हिडिओ पाठवले. त्यात तो माणूस एका मोठ्या हिरव्यागार माळावर उभा राहून, कोरड्या ठणठणीत कोंबड्यांमध्ये, वास येत नाही असं सांगत होता. त्या माळावर कामशेतचा पाऊस चार दिवस पाडून मग त्याने बोलावं, असं केदारींचं मत पडलं. कुणीतरी वास खाणारे जिवाणू आणि गूळ यांचं पाणी सांगितलं. जिवाणूंनी वास खाल्ला की नाही कोण जाणे, पण गुळासाठी मुंग्या आल्या, मुंग्यांसाठी कोंबड्यांनी सगळी जमीन उकरली आणि खालचा चिखल वर आला.

दरम्यान आपली बाजू कायद्याने भक्कम असावी म्हणून केदारी ग्रामपंचायतीत गेले. परसात कोंबड्या पाळायला परवानगी लागते का, असं त्यांनी विचारलं. तिथला कारकून म्हणाला, लागत नाही. केदारी म्हणाले, तसं लेखी द्या. कारकून म्हणाला, जी परवानगी लागतच नाही तिचा दाखला कसा देणार? केदारी म्हणाले, लागत नाही एवढाच दाखला द्या. कारकुनाने विचार केला आणि सांगितलं, की त्यासाठी जनावरांच्या दवाखान्याची ना हरकत आणा. दवाखान्यात डॉक्टरांनी कोंबडी कुठे आहे असं विचारलं. केदारी म्हणाले, ती बरी आहे. "मग बऱ्या कोंबडीसाठी आम्ही काय करणार?" असं म्हणून डॉक्टर एका म्हशीकडे वळले. केदारी छत्री उलटी झालेल्या अवस्थेत घरी परतले, पण निर्धार तसाच होता.

खरा घोळ झाला तो भाताच्या गिरणीत. खुराड्यात खाली काहीतरी कोरडं अंथरलं पाहिजे, हे त्यांच्या मेंटेनन्सच्या डोक्याने बरोबर काढलं होतं. मावळात भाताला काय तोटा? कामशेतच्या गिरणीबाहेर एका बाजूला तुसाचा डोंगर होता, खरखरीत, टोचणारा, फुकट न्या म्हणून पडलेला. दुसऱ्या बाजूला पोत्यांत कोंडा होता, मऊ, पिवळसर, लहान मुलाला पावडर लावावी असा. केदारींनी दोन्हींत हात घालून पाहिला. अकाउंट दिवसभर बसून असते, तिला टोचायला नको, असा विचार त्यांनी केला.

"हा द्या," कोंड्याकडे बोट दाखवून ते म्हणाले.

"खायाला का?" गिरणीवाल्याने विचारलं.

"अंथरायला."

गिरणीवाल्याने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. सात पिढ्या भात लावणाऱ्या घराण्यातल्या माणसाने कोंडा अंथरायला मागितलेला त्याने पाहिला नव्हता. पण केदारींचा चेहरा असा काही ठाम होता, की त्याने मुकाट्याने पोती रिक्षात टाकली.

कोंबड्यांनी ती गादी पाहिली आणि खायला सुरुवात केली. कॅन्टीन तर आडवी पडून खात होती. जे उरलं ते पावसाच्या ओलीने फुगलं, आंबलं, आणि दोन दिवसांत त्याला असा काही दर्प सुटला, की आधीचा वास सगळ्यांना आठवून आठवून बरा वाटू लागला. येसूबाईंनी ओट्यावर बसणं सोडलं. ओंकारच्या पाहुण्यांनी अभिप्राय लिहिला नाही, ते सामान घेऊन सरळ स्टेशनला गेले. आणि ओल आत येऊ नये म्हणून केदारींनी चहूबाजूंनी निळं प्लास्टिक ठोकलं, तेव्हा तर आगीतून फुफाट्यात गेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्लास्टिक वर केलं आणि भोंगा आरवायला म्हणून तोंड उघडून तसाच गप्प उभा राहिलेला पाहिला.

त्या सकाळी केदारी पहिल्यांदा खचले. कोंबड्या धावत आल्या नाहीत. जागच्या जागी पंख पाडून, डोळे मिचकावत बसल्या होत्या. केदारी उंबऱ्यावर बसले. शाळेला निघालेल्या अनिताबाई थांबल्या.

"देऊन टाकायच्या का कुणाला?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"नाही," केदारी म्हणाले. आणि पुन्हा एकदा म्हणाले, "नाही."

मग त्यांनी कपाटातून कारखान्याचा जुना निळा डगला काढला, तो घातला आणि कुणाचाही सल्ला न घेता खुराड्यासमोर स्टूल टाकून बसले. मशीन बंद पडलं तर आधी नुसतं बघत बसायचं, ही त्यांची जुनी रीत. दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, की वास घाणीचा नाहीच, ओलीचा आहे. कोरडी घाण गुपचूप पडून असते, ओली झाली की गावभर बोंबलते. आणि ओल तीन ठिकाणांहून येत होती. पत्रा आखूड होता, त्यामुळे पागोळ्या आत पडत होत्या. पाण्याचं भांडं जमिनीवर होतं, ते डिस्पॅच रोज जाता-येता उलथवत होती. आणि हवा खेळायला वर फटच नव्हती.

पुढचे दिवस परसातून ठोकाठोकीचा आवाज येत राहिला. केदारींनी पत्रा हातभर बाहेर काढला. भांडं तारेने टांगून कोंबडीच्या छातीइतकं उंच केलं. प्लास्टिक काढून भिंतीच्या वरच्या बाजूला जाळी मारली. खालचा सगळा कोंडा फावड्याने उपसून खड्ड्यात पुरला, जमिनीवर चुना भुरभुरला आणि गिरणीवाल्याची नजर चुकवून तुसाची पोती आणून वीतभर जाड थर दिला. रोज सकाळी वरचा थर खालीवर करायचा आणि रात्री कोंबड्या बसतात त्या दांडीखालची घाण खरडून काढायची. म्हणजे झाडायचंच. पण हे अनिताबाईंच्या लक्षात आलं तरी त्या बोलल्या नाहीत, एवढ्या त्या चांगल्या.

रविवारी समिती आली. आबांनी त्या दिवशी तंबाखू खाल्ली नव्हती. येसूबाईंनी मिश्री लावली नव्हती. ओंकारने अंगाला सेंट मारला नव्हता. अशी ही व्रतस्थ मंडळी आधी कुंपणापाशी उभी राहिली आणि त्यांनी वास घेतला. मग जवळ आली आणि पुन्हा घेतला. केदारी निळ्या डगल्यात, हात मागे बांधून उभे होते. शेवटी येसूबाई पुढे झाल्या, पदर खोचला आणि त्यांनी सबंध डोकं खुराड्यात घातलं. बराच वेळ त्या आतच होत्या. क्वालिटी त्यांच्या कानातली कुडी तपासून पाहत होती.

येसूबाई बाहेर आल्या. "तुसाचा वास हाये," त्या म्हणाल्या. "कोंबडीचा न्हाई."

"न्हाई?" आबांनी विचारलं.

"अजाबात न्हाई."

ओंकारनेही मान हलवली. केदारींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या खेपेला ते अमोनियाचं नव्हतं. अनिताबाईंनी समितीपुढे चहा आणि पोहे आणून ठेवले. ही गोष्ट इथेच संपली असती, तर केदारींच्या आयुष्यातला तो सर्वांत थोर दिवस ठरला असता.

आबांनी पोह्यांची बशी उचलली आणि परसात हिंडणाऱ्या कॅन्टीनकडे प्रेमाने पाहिलं.

"काय अंग धरलंय वो पाखरांनी," ते म्हणाले. "कोंडा खाऊन खाऊन नुसत्या टरारल्यात. राजेंदर, आता बग, आखाड हाये. म्होरं श्रावण लागला की म्हैनाभर तोंड बांदून बसायचं. बाजारात गावरान म्हणून काय गळ्यात मारत्यात, देवाला ठावं. ह्या तर आपल्या डोळ्याम्होरल्या. सवच्छ. वास सुदिक न्हाई. एकेक देऊन टाक समद्यांला. फुकाट नको."

"मला ती करडी चालंल," येसूबाई म्हणाल्या. करडी म्हणजे अकाउंट.

"काका, मला दोन मिळतील का?" ओंकार म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "पुढच्या शनिवारी मोठा ग्रुप आहे. आखाड स्पेशल, चुलीवरची गावरान कोंबडी! फोटोत खिडकीऐवजी हेच टाकतो."

केदारींच्या पायाखालची जमीन सरकली. आजवर कोंबड्या सोसायटीबाहेर जातील एवढीच भीती होती. आता त्या ताटात जात होत्या, आणि तेही त्यांनीच इतक्या स्वच्छ केल्या म्हणून! नाही म्हणावं, तर कसं? मावळातला माणूस आखाडात दारची कोंबडी देत नाही म्हणजे चिक्कू, आणि जीव लागलाय म्हणून देत नाही म्हणजे येडा. केदारींना दोन्ही व्हायचं नव्हतं.

"त्या देवीच्या नावाने सोडल्यात," ते घाईघाईने म्हणाले.

"मंग तर लयच बेस!" आबा खूश झाले. "कवा कापायच्या? परसादाला आमी हावच."

आपण कुठे राहतो आणि इथल्या देवीला नैवेद्य कशाचा लागतो, हे केदारी क्षणभर विसरले होते. त्यांनी दुसरा पवित्रा घेतला. छाती पुढे काढून ते म्हणाले, "आबा, तपासणी नीट झालेली नाही. वास येतो."

"काय?"

"वास येतो. चांगला सणसणीत येतो. मी रोज इथे असतो, मला माहीत आहे. अशा कोंबड्या खायच्या असतात का?"

"काहीतरीच काय, काका!" ओंकार उसळून उठला. "कुठे येतो वास? हे बघा." त्याने धावत जाऊन डिस्पॅचला उचललं आणि तिच्या पिसांत नाक खुपसलं. "काही नाही! उलट छान वाटतंय!"

"तुला सर्दी आहे."

"मला सर्दी नाही! मीच तक्रार केली होती, मला कळत नाही का? वास येत नाही म्हणजे नाही!"

"येतो!"

"नाही येत!"

दोघं समोरासमोर उभे राहून ओरडत होते. मधे डिस्पॅच मान आखडून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तुझ्या नाकाला काय कळतंय, इथपर्यंत गोष्ट आली, तेव्हा अनिताबाईंनी चहाची किटली जोरात खाली ठेवली.

"आबा," त्या म्हणाल्या, "ह्यांचा जीव आहे त्या कोंबड्यांवर. नावं ठेवलीत त्यांना. एक कापली तरी हे आठ दिवस जेवणार नाहीत. सांगायची लाज वाटते म्हणून वास येतो म्हणतायत. कोंबडी मिळायची नाही. आणखी पोहे घ्या."

केदारींनी मान खाली घातली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि इतकं मोकळंही कधी वाटलं नव्हतं.

आबांनी बशी खाली ठेवली. येसूबाईंनी अकाउंटवरची नजर काढून दुसरीकडे वळवली.

"आसं हाये व्हय," आबा म्हणाले. "मंग तसं सांगायचं की रं, राजेंदर. म्या माजा बैल म्हातारा झाला तरी इकला न्हाई. लोक हासायचे. दावणीलाच मेला त्यो. त्याच्यामागं घरात दोन दीस चूल न्हवती पेटली." त्यांनी उपरण्याने नाक पुसलं, मग चेअरमनच्या आवाजात म्हणाले, "वंकार, लिव."

ओंकारने डिस्पॅचला नाइलाजाने खाली सोडलं. "काका, निदान अंडी तरी? नाश्त्याला?"

"अंडी हवी तेवढी ने," केदारी म्हणाले.

"लिव," आबा पुन्हा म्हणाले. "कमिटीनं वास घेतला. कोंबड्यांच्या मालकाचं म्हणनं, वास येतो. तक्रार करनाराचं म्हणनं, वास येत न्हाई. सबब, दोगांचं एकमत हुईस्तवर कोंबड्या हायेत तितंच ऱ्हातील."

ओंकारने ते मोबाइलवर शुद्ध मराठीत उतरवून वाचून दाखवलं. येसूबाईंनी मान डोलावली. केदारी आणि ओंकार यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि जन्मात एकमत होऊ द्यायचं नाही, यावर दोघांचं तिथल्या तिथे एकमत झालं.